तीस अंशांचा सात नंबर

मोजणीसाहेबांचा कशावरही पटकन विश्वास बसत नसे. यात त्यांचा दोष म्हणावा तर थोडाच. अडतीस वर्षं जमीन मोजण्याच्या खात्यात काढलेल्या माणसाने दोन शेजाऱ्यांमधला हद्दीचा दगड हातभर सरकलेला इतक्या वेळा पाहिलेला असतो, की पुढे पुढे घरातली खुर्ची जागेवरून हललेली दिसली तरी ती कुणी हलवली, का हलवली आणि त्यात कुणाचा फायदा, असे तीन प्रश्न त्याला पडतात. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांची दुर्बीण जमा करून घेतली. स्वभाव मात्र कुणी परत मागितला नाही, तो त्यांच्याबरोबर घरी आला.

तर अशा माणसाचा चार नंबरचा आयर्न चेंडू उचलेनासा झाला.

गोल्फच्या पिशवीत लोखंडी डोक्याच्या ज्या स्टिका असतात, त्या आयर्न. नंबर लहान असेल तर पातं उभं असतं आणि चेंडू लांब जातो. नंबर मोठा असेल तर पातं मागे कललेलं असतं, चेंडू उंच चढतो आणि जवळच उतरतो. चार नंबर हा लांब पल्ल्याचा. मोजणीसाहेबांचा चार नंबर एकेकाळी चेंडू झाडांच्या शेंड्यांवरून नेत असे. गेली दोन वर्षं तोच चेंडू गुडघाभर उंचीवरून सुसाट सुटे आणि पहिल्या चढावाला नाक घासून गप्प बसे. पाच नंबरचंही तेच लक्षण. नवल म्हणजे सात नंबर ठणठणीत होता, पूर्वीइतकाच जाणारा, मीटरभराचाही फरक नाही.

या सात नंबरवर फार मोठी गोष्ट अवलंबून होती. मैदानाच्या नवव्या होलला मध्ये तळं होतं. तळ्याच्या पलीकडच्या काठापर्यंत एकशे पंचवीस मीटर. फलकावर एकशे वीस लिहिलं होतं, पण मोजणीसाहेबांनी स्वतः मोजून ते चूक असल्याचं पत्र व्यवस्थापनाला दिलं होतं आणि त्याला उत्तर न आल्याची नोंदही ठेवली होती. निवृत्तीच्या पार्टीत, सगळ्यांच्या देखत, त्यांनी जाहीर केलं होतं, "ज्या दिवशी माझा सात नंबर तळं ओलांडणार नाही, त्या दिवशी पिशवी खुंटीला. रडत-रखडत खेळणाऱ्यांतला मी नाही." सगळे हसले होते. बायको तेवढी हसली नव्हती, कारण हा माणूस बोलला की करतो हे तिला ठाऊक होतं.

शनिवारी त्यांच्याबरोबर खेळायला मेहुणा असे. बायकोचा धाकटा भाऊ, दातांचा डॉक्टर. ज्यांची तोंडं उघडी आहेत पण ज्यांना बोलता येत नाही, अशा लोकांशी दिवसभर गप्पा मारून त्याला उत्तराची वाट न बघता बोलायची सवय लागली होती. "भाऊजी, तुमचे आयर्न म्हातारे झालेत," तो महिनाभर म्हणत होता, "एकदा दुकानात चला. मारून बघा, नको वाटलं तर उठून येऊ." शेवटी एका शनिवारी खेळ झाल्यावर त्याने त्यांना पिशवीसकट गाडीत घातलंच.

दुकानाच्या मागच्या खोलीत जाळी लावलेली होती आणि जाळीमागे पडदा. चेंडू जाळीत मारायचा आणि तो कुठे गेला असता ते पडद्याने सांगायचं. मोजणीसाहेबांना इथेच पहिली शंका आली. जो चेंडू चार हातांवर पडलाय, तो कुठे गेला असता हे पडद्याला कोण सांगतं?

दुकानदाराने एक नवा चकचकीत सात नंबर त्यांच्या हातात दिला. मोजणीसाहेबांनी मारला. पडद्यावर आकडा आला, एकशे अडतीस.

"बघा!" मेहुणा ओरडला. "तेरा मीटर जास्त!"

"नुसती स्टिक बदलली, साहेब," दुकानदार म्हणाला, "आणि वय दहा वर्षांनी उतरलं."

दुसरा कुणी असता तर हुरळून गेला असता. मोजणीसाहेब सावध झाले. तेरा मीटर कुणी कुणाला उगाच देत नाही, एवढं त्यांना नोकरीने शिकवलं होतं. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पितळी कोनमापक काढला, जो ते खिशात का बाळगतात हे विचारणं मेहुण्याने कधीच सोडून दिलं होतं, आणि नव्या सात नंबरच्या पात्याला लावला.

"एकोणतीस अंश," ते म्हणाले. "सात नंबरला चौतीस असतात. माझ्याला आहेत. हा तुमचा सहा नंबर आहे, तोही पाचाकडे झुकलेला. वर सात कोरून ठेवलाय, झालं."

दुकानदाराला शरम वगैरे काही वाटली नाही. "हल्ली सगळ्या कंपन्या पातं उभं आणि दांडा लांब ठेवतात, साहेब. वजन खाली घेतात, म्हणजे चेंडू तरीही उठतो. फसवणूक नाही त्यात."

"आकडा खोटा आहे आणि फसवणूक नाही?"

"आकड्याचं राहू द्या. नवे आयर्न नका घेऊ. पण तुमचे चार आणि पाच नंबर काढून टाका आणि त्यांच्याऐवजी दोन हायब्रिड घ्या." त्याने कपाटातून एक स्टिक काढली. डोकं आयर्नसारखं चपटं नाही, मागे फुगलेलं. "वजन मागे असतं, त्यामुळे चेंडू आपोआप वर जातो. आयर्नने उचलायला मनगटाचा वेग लागतो, आणि तुमचा वेग..." तो थांबला.

"माझा वेग काय?"

"चांगला आहे, साहेब."

मेहुणा छताकडे बघत होता. मोजणीसाहेबांनी ते बघितलं आणि मनात नोंदवलं. हायब्रिडला ते इतकी वर्षं 'म्हाताऱ्यांची पळी' म्हणत आले होते. निघताना दुकानदाराने त्यांच्या पिशवीतला सात नंबर सहज उपसला, डोळ्याशी धरून दांड्यावरून पात्यापर्यंत नजर नेली आणि भुवया उंचावल्या.

"हे तुमचे आयर्न कोण बघतं?"

"मैदानामागचे मिस्त्री. का?"

"नाही, सहज विचारलं."

सहज! मोजणीसाहेबांच्या मते जगात सहज असं काही कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि आपले आयर्न ओळीने मांडले. समोर बायको मटार सोलत बसली होती. बायकोला गोल्फमधलं काही कळत नाही, याची त्यांना पक्की खात्री होती, आणि म्हणूनच तिला समजावून सांगायला त्यांना आवडे. "हे बघ," ते म्हणाले, "खरा सात नंबर कसा असतो तो बघ. चौतीस अंश म्हणजे चौतीस अंश."

त्यांनी कोनमापक लावला. काटा तीसवर थांबला.

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. तीस. कोनमापक टेबलाच्या कोपऱ्याला लावून बघितला, बरोब्बर नव्वद. मग एकेक करून सगळे तपासले. चार नंबरला चोवीस असायचे, ते वीस होते. नऊ नंबरला बेचाळीसचे अडतीस. चारपासून नऊपर्यंत सहाच्या सहा आयर्न मोजून चार अंशांनी उभे झाले होते. आखूड पल्ल्याचा वेज तेवढा जिथल्या तिथे होता, सत्तेचाळीस.

"तुमचं यंत्र बिघडलं असेल," बायको म्हणाली.

"यंत्र बिघडत नसतं. माणसं बिघडतात."

"जमिनीवर आपटून आपटून वाकलं असेल मग."

"सहाच्या सहा? सगळे सारखेच चार अंश? अगं, कुणीतरी माझ्या स्टिकांना हात लावलाय." आणि आता एकेक गोष्ट त्यांच्या डोक्यात जागेवर बसायला लागली. नऊ नंबर पलीकडे जातो आणि वेज अलीकडे पडतो, मधल्या नव्वद मीटरला दोन वर्षं त्यांच्याकडे स्टिकच नव्हती. ते बिचाऱ्या गवताला शिव्या देत होते! सात नंबर मारला की हल्ली मातीचं ढेकूळ जास्त निघायचं, तेही यामुळेच. आणि चार नंबर उठत नव्हता कारण तो चार नंबर राहिलाच नव्हता, तो तिनाच्याही पलीकडे गेला होता.

मग शेवटची गोष्ट बसली आणि त्यांनी कोनमापक खाली ठेवला. सात नंबर अजून तळं ओलांडत होता, पण तो सात नंबर नव्हता. खरा चौतीस अंशांचा असता तर चेंडू कधीच पाण्यात गेला असता. म्हणजे पिशवी खुंटीला लागायची वेळ येऊन गेली होती, आणि ती कुणीतरी त्यांच्यापासून लपवली होती.

बायको पाणी प्यायला उठली. मटाराचे दाणे सालींच्या भांड्यात टाकून गेली, हे त्यांच्या लक्षात आलं. भावाचं नाव पुढे येणार या भीतीने हिचा हात चळला, असा त्यांनी अर्थ काढला.

कारण संशयितांच्या यादीत पहिलं नाव मेहुण्याचंच होतं. यादी त्यांनी खरोखरच केली, खात्यातल्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर. मैदानावर पिशवी ठेवायच्या कपाटाची दुसरी किल्ली मेहुण्याकडे. दुकानात नेण्याचा आग्रह मेहुण्याचा. छताकडे बघणारा मेहुणा. चार आणि पाच नंबर निकामी झाल्यावर शनिवारी जिंकतो कोण? मेहुणा.

"माझा भाऊ?" बायको म्हणाली. "त्याला स्वतःच्या गाडीचं चाक बदलता येत नाही, तो लोखंड वाकवणार?"

"लोकांचे वाकडे दात सरळ करतो ना? मग सरळ लोखंड वाकडं करायला काय जड आहे त्याला?"

"तुम्ही त्याला काही बोलू नका हं. मी सांगून ठेवते."

"पुरावा मिळाल्याशिवाय मी कधीच बोलत नाही," मोजणीसाहेब म्हणाले, आणि ते खरं होतं. त्याआधी ते नुसते बघतात. समोरच्याला त्याचाच जास्त त्रास होतो.

दोन आठवडे ते डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. पिशवीच्या चेनला त्यांनी पांढरा दोरा अशा बेताने बांधला, की कुणी चेन उघडली तर तो तुटावा. दोरा शाबूत राहिला. म्हणजे चोर हुशार आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. मग एका शनिवारी मेहुणा हात धुवायला गेला असताना त्यांनी त्याच्या पिशवीतला सात नंबर काढून मोजायला घेतला, आणि नेमका तेव्हाच तो परत आला.

"भाऊजी, माझ्या पिशवीत काय शोधताय?"

"चेंडू."

"तुमच्या हातात कोनमापक आहे."

मोजणीसाहेबांनी कोनमापक खिशात टाकला. मेहुणा आधी हसला. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघता बघता त्याचं हसू मावळलं. "तुम्हाला माझा संशय येतोय," तो म्हणाला. "तेवीस वर्षं दर शनिवारी तुमच्याबरोबर खेळतोय मी."

त्यानंतर चार होल तो एक अक्षर बोलला नाही. मेहुण्यासारख्या माणसाने चार होल गप्प राहणं म्हणजे आजारपणच. मोजणीसाहेबांनाही ते बोचलं, पण मागे हटणं त्यांना कधी जमलं नव्हतं. शिवाय मेहुण्याचा सात नंबर बरोबर निघाला होता, आणि त्यामुळे प्रश्न सुटला नव्हता, उलट वाढला होता.

घरी येताना त्यांना एक साधी गोष्ट उमगली, जी आधीच उमगायला हवी होती. चार अंश हे हाताने होणारं काम नाही. त्याला भक्कम शिकंजा लागतो, लांब दांड्याची पकड लागते आणि अंदाज लागतो. शहरात हे सगळं एकाच माणसाकडे होतं.

मिस्त्रींचं काम मैदानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाले. आत रबराचा आणि थिनरचा वास, भिंतीला टांगलेले बिनडोक्याचे दांडे, आणि टेबलाखाली दांड्यांच्या जुन्या रबरी मुठींच्या सोललेल्या सालींचा ढीग. दरवर्षी गवताला विश्रांती म्हणून मैदान दोन महिने बंद राही, तेव्हा सगळे आपापल्या स्टिका मुठी बदलायला मिस्त्रींकडे टाकत. मोजणीसाहेबांच्या स्टिका बायकोच टाकून येई, कारण तिच्या वाचनालयाच्या वाटेवर ते शेड होतं.

"मिस्त्री," मोजणीसाहेब दारातूनच म्हणाले, "माझे आयर्न वाकवले कुणी?"

मिस्त्रींनी हातातली कानस खाली ठेवली. नाकारण्याचा प्रयत्नही केला नाही. "चहा घेता?"

"आधी उत्तर."

"मग बसून ऐका, साहेब. उभ्याने ऐकू नका."

त्यांनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड होतं. स्टिकांची लांबी किती, मुठी कुठल्या, कल किती, काय काम केलं आणि कुणी सांगितलं. काम सांगणाऱ्याची सही घेतल्याशिवाय मिस्त्री हातोडीलाही हात लावत नसत. ही शिस्त मोजणीसाहेबांना नेहमीच आवडायची. त्यांनी आपलं कार्ड हातात घेतलं.

चार वर्षं, चार ओळी. दर ओळीत तेच. 'मुठी बदलल्या. चार ते नऊ नंबर, एक अंश उभे केले. वेजला हात लावला नाही. साहेबांना सांगू नये.' आणि प्रत्येक ओळीसमोर सही. मोजणीसाहेबांनी हजारो कागदांवरच्या सह्या तपासल्या होत्या. ही तपासायची गरज नव्हती. घरातल्या किराणाच्या यादीवर ते हे अक्षर दर आठवड्याला बघत होते.

यादीत तिचं नावच नव्हतं. सगळ्या जगाचा संशय घेतला आणि नेमकी हिलाच सोडली, कारण हिला काय कळतंय?

"हिला... हिला अंश काय कळतात?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"मीही तेच विचारलं होतं," मिस्त्री म्हणाले. "पहिल्या वर्षी आल्या आणि सरळ म्हणाल्या, 'त्यांचा चेंडू तळ्याच्या काठाला लागतोय, पुढच्या वर्षी पाण्यात जाईल. एक अंश उभं केलं तर अडीच-तीन मीटर मिळतील ना?' मी म्हटलं, बाई, तुम्ही खेळता का? तर म्हणाल्या, 'तीस वर्षं रोज जेवताना अंशच ऐकतेय. त्यांना वाटतं, आपण भिंतीशी बोलतोय.'"

मोजणीसाहेब स्टुलावर बसले.

"मी नको म्हटलं होतं, साहेब. दुसऱ्याच्या मालाला त्याच्या नकळत हात लावायचा नाही, हा माझा नियम. पण त्या इथे, याच स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, 'गुडघ्याच्या ऑपरेशनानंतर ते आठ महिने घरात होते. मी फोनवर कुणाशी बोलले, बाजारातून यायला दहा मिनिटं जास्त का लागली, शेजारणीकडे काय बोलणं झालं, सगळ्याची चौकशी. माझ्या बहिणीने यायचं बंद केलं. मी खोलीतून खोलीत जाताना सुद्धा कारण तयार ठेवायचे. पिशवी खुंटीला लागली, की ते दिवस पुन्हा येतील, आणि या वेळी ते संपायचे नाहीत.'"

मिस्त्रींनी कानस उचलून पुन्हा खाली ठेवली. पुढचं सांगावं की नाही, अशी त्यांची चुळबुळ चालली होती.

"आणि म्हणाल्या, 'मैदानावरून येतात तेव्हा जिना चढताना शीळ घालत येतात. ती शीळ ऐकायला मी शनिवारची वाट बघते.'"

"मी शीळ घालतो?" मोजणीसाहेबांनी विचारलं.

"ते मला कसं ठाऊक असणार, साहेब?"

मोजणीसाहेबांना राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी इंचभर खोटं चालू दिलं नव्हतं, आणि चार वर्षं ते स्वतः खोट्या आकड्यावर छाती काढून चालत होते. पण रागाच्या खाली दुसरंच काही होतं. खोलीतून खोलीत जाताना कारण तयार ठेवणारी बायको त्यांच्या डोळ्यांपुढे आली, आणि त्या कारणांतली कितीतरी त्यांनी उलटतपासणी करून खोटी ठरवली होती, तेही आठवलं. त्यांना लाज वाटली. इतकी, की त्यांनी कार्ड उलटं करून टेबलावर ठेवलं.

"सगळे पुन्हा मूळ अंशांवर आणा," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे सहाच्या सहा, जसे होते तसे."

मिस्त्रींनी मान हलवली. "चार वेळा वाकलंय हे. उलटं वळवलं तर मानेपासून तुटेल. आहे त्याच बाजूला अजून एखादा अंश निघेल, तेवढंच. पण चार आणि पाच नंबरने आता कुणालाच चेंडू उचलता यायचा नाही, ते बाहेर काढा. त्या जागी हायब्रिड घ्या. हे बाईंनाही मी गेल्या वर्षी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, ते ऐकायचे नाहीत."

म्हणजे मेहुण्याचा दुकानाचा आग्रह कुठून आला होता तेही कळलं. त्याला त्याच्या बहिणीनेच सांगितलं होतं. त्याला बिचाऱ्याला त्यापलीकडे काहीच माहीत नव्हतं.

मोजणीसाहेबांनी मिस्त्रींकडचे तीन-चार हायब्रिड मारून बघितले. शेडमागच्या पट्ट्यात चेंडू मारले, पडद्याबिडद्याशिवाय. एकाचा दांडा जड होता, चेंडू उजवीकडे जाई. दुसऱ्याचं डोकं नको तितकं मोठं. तिसऱ्याने मात्र चेंडू जमिनीवरून अलगद उचलला आणि कुंपणाच्या झाडांवरून नेऊन लांब, मऊ टाकला. मोजणीसाहेब तिकडे बघतच राहिले. असा चेंडू त्यांच्या हातून दोन वर्षांत गेला नव्हता.

"हा आणि याच्याच जोडीचा दुसरा," ते म्हणाले. "आणि मिस्त्री, मी इथे आलो होतो, हे..."

"कार्डावर लिहीत नाही," मिस्त्री म्हणाले.

घरी पोचले तेव्हा बायको फोनवर होती. त्यांना बघताच तिने "ठेवते गं" म्हणून घाईघाईने फोन ठेवला. मोजणीसाहेबांचं तोंड उघडलं. 'कोण होतं?' हे दोन शब्द अगदी ओठांवर आले होते, सवयीने. ती उत्तर तयार करून उभी होती, हे त्यांना तिच्या खांद्यांवरूनच दिसलं. हे आजवर का दिसलं नव्हतं, देव जाणे.

"चहा ठेवू का मी?" ते म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू या घरात आता संशय घ्यायची पाळी तिची होती. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"बरं आहे. दोन हायब्रिड घेतलेत. चार आणि पाच नंबर काढून टाकतोय."

"आणि सात?" तिने इतक्या पटकन विचारलं, की तिचं तिलाच ते कळलं.

"सातला काय धाड भरलीय?" मोजणीसाहेब म्हणाले. "सात चांगला आहे."

ती ओट्याकडे वळली आणि पुसलेला ओटा बराच वेळ पुन्हा पुसत राहिली.

शनिवारी मेहुणा आला, पण तोंड फुगवूनच. मोजणीसाहेबांना माफी मागायची सवय नव्हती. पहिल्या होलवर त्यांनी खिशातून पितळी कोनमापक काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"हा तुझ्याकडे राहू दे."

"का? आता मी तुमची पिशवी तपासायची का?"

"चुकीचं दाखवत होता. यंत्र बिघडलं होतं."

मेहुणा कोनमापकाकडे बघत राहिला, मग त्यांच्याकडे. यंत्र बिघडलं होतं, हे शब्द या माणसाच्या तोंडून तेवीस वर्षांत त्याने ऐकले नव्हते. काय झालंय हे त्याला कळलं नाही, पण काहीतरी झालंय हे कळलं. त्याने तो मुकाट्याने पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात टाकला, आणि दुसऱ्या होलपासून त्याचं तोंड जे सुरू झालं ते थांबलं नाही. मोजणीसाहेबांना त्या बडबडीचं एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या होलला त्यांनी हायब्रिड काढला. "अरे वा, म्हाताऱ्यांची पळी!" मेहुणा म्हणाला. चेंडू ग्रीनवर, खळग्याभोवतीच्या कातरलेल्या गवतावर, जाऊन थांबला. मग मेहुण्याने ती पळी मागून घेतली आणि उलटीपालटी करून बघितली.

नवव्या होलला मोजणीसाहेब सात नंबर हातात घेऊन तळ्यासमोर उभे राहिले. या एका स्टिकवर त्यांनी आपला शब्द टांगला होता, आणि ती स्टिक खोटं बोलत होती हे आता त्यांना ठाऊक होतं. खरं सांगून टाकलं तर शब्द पाळल्यासारखं होईल आणि आजच पिशवी खुंटीला लागेल. मान ताठ राहील, आणि घरात जिन्याकडे कान लावून बसलेल्या बाईच्या वाट्याला काय येईल, तेही त्यांना आता ठाऊक होतं. त्यांनी मारला. चेंडू तळ्यावरून गेला आणि पलीकडच्या काठापासून जेमतेम वीतभर पुढे पडला.

"अजून सात नंबरच!" मेहुणा ओरडला. "भाऊजी, तुमचं काही खरं नाही. सातच ना?"

"हो," मोजणीसाहेब म्हणाले, "सात."

त्या दिवशी जिना चढताना दुसऱ्या वळणावर त्यांना एक आवाज ऐकू आला आणि ते दचकून थांबले. आवाजही थांबला. तो त्यांचाच होता. त्यांनी वर बघितलं, दार बंद होतं. मग त्यांनी पुन्हा शीळ सुरू केली, जरा मोठ्याने, आणि दारापर्यंत चालू ठेवली.

पुढे हंगाम संपला आणि मैदान बंद झालं. बायकोने एका सकाळी पिशवी खांद्याला अडकवली. "वाचनालयात जातेय. जाता जाता ही मिस्त्रींकडे टाकते. मुठी बदलायच्यात ना?"

"हायब्रिडना नको," मोजणीसाहेब वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले. "त्यांच्या नव्या आहेत."

"आणि बाकीच्यांना?"

मोजणीसाहेबांनी पान उलटलं. "नवव्याला चेंडू अगदी काठावर पडत होता," ते म्हणाले. "बाकीच्यांचं काय ते तूच सांग मिस्त्रींना. तुला ठाऊक आहे."

ती दारात थांबली. मोजणीसाहेब एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

"एक?" तिने अगदी हळू विचारलं.

"एक पुरे."

दार लागलं. जिन्यात आयर्नचा खणखणाट पायरी पायरीने उतरत गेला, आणि त्याबरोबर कुणीतरी शीळ घालत होतं, जरा बेसूर, पण सूर ओळखीचा. मोजणीसाहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि आवाज रस्त्यावर पोचेपर्यंत ऐकत बसले.